बागेच्या पडद्यामागची खिडकी

कुशाबाला जाऊन आता नऊ वर्षं झाली. गिरणीच्या कार्डिंग खात्यातला साधा माणूस. घरी आला तरी भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. त्याच्या रूपाचा किंवा नोकरीचा मी कधी हेवा केला नाही. हेवा केला तो त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीचा, आणि तो मनापासून केला.

खरं तर काळाचौकीच्या त्या चाळीत सगळ्यात चांगली खोली माझी होती. टोकाची, मागं मोकळी, पश्चिमेला खिडकी. शेजारच्या कुशाबाच्या खोलीला खिडकीच नव्हती. मागं गोदामाची भिंत.

छप्पन साल. आमची नाटक कंपनी नुकतीच बंद पडली होती आणि मी बायकोला, मृणालिनीला, घेऊन भाड्याच्या त्या खोलीत आलो होतो. ती कराडची, दगडी घरातली. तिला दिवस गेले होते. होळी झाली, पत्रे तापू लागले, तशी ती म्हणाली, "बाळंतपणाला मी माहेरी जाईन. पण या भट्टीत बाळ घेऊन परत यायचं की नाही, ते तिथं ठरवीन."

मी हादरलो. घर उभं करायला हवं होतं आणि मला उभं करता येत होतं फक्त नेपथ्य. कंपनीची आठवण म्हणून बागेचा पडदा मी मागून आणला होता. संगमरवरी कारंजं, दोन मोर, निळं आकाश. तो पाठच्या भिंतीवर ताणला. खोलीपेक्षा मोठा, म्हणून कोपऱ्यातून वळवून कुशाबाच्या बाजूच्या भिंतीवरही घेतला, थेट आढ्यापर्यंत. खिडकी झाकली गेली. पण बागेत खिडकी कशाला हवी?

अख्खी चाळ बघायला आली. कुशाबाही आला.

"काय मास्तर, कारंजं झकास! पाणी कधी सुटणार?"

सगळे हसले. तो मात्र भिंतीच्या वरच्या टोकाकडं जरा वेळ बघत राहिला. मला वाटलं, चित्रकाम बघून थक्क झाला. मग "असू दे, असू दे," म्हणत गेला.

त्यानंतर माझा छळ सुरू झाला. दुपारचे तीन वाजले, की मृणालिनी विणकाम उचलून शेजारी. कुशाबानं दाराला ओलं गोणपाट टांगलं, पत्र्यावर चढून चुना फासला, वाळूत माठ रोवला. त्याची बायको कमलाबाई दोनदा फरशी पुसायची. मी गॅलरीतून जाता-येता त्यांच्या दारातल्या चपला मोजायचो. एकदा अकरा जोड भरले. माझ्या दारात दोन, दोन्ही माझेच. मी मुद्दाम मोठ्यानं माझ्या भूमिकांची जुनी भाषणं म्हणायचो. एकही प्रेक्षक फुटला नाही.

"असं आहे काय गं तिथं?" मी विचारलं.

"तिथं बसवतं," ती म्हणाली.

वैशाखात ती कराडला गेली. त्याच आठवड्यात कुशाबा आणि कमलाबाई दोघंही संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात निघाली. गळ्यात हार, जिन्यापर्यंत घोषणा. वीस वर्षं राजे रंगवले, पण मला कुणी असं पोचवलं नव्हतं. तेही मला सलत होतं, तोच कुशाबानं माझ्या हातात किल्ली ठेवली.

"मास्तर, गोणपाटावर दोनदा पाणी मारा. नि माठ सुकू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कुलूप उघडलं. खोटं कशाला बोलू, त्या खोलीचं गुपित शोधायलाच गेलो होतो. आत माझ्या खोलीपेक्षा जास्त उकडत होतं. गोणपाट वाळलं होतं. म्हणजे तो गारवा रोजच्या कष्टाचा होता.

घाम पुसत मान वर केली. आमच्या दोघांमधल्या भिंतीला वर वीतभर उंचीची लाकडी जाळी होती, आणि जाळीपलीकडं कापड. कोरं, खरबरीत, कोपऱ्यात रंगाऱ्यानं कोळशानं लिहिलेला आकडा. पडद्याची पाठ. विंगेत उभं राहून जिच्याकडं जन्मभर बघितलं, ती मला ओळखू येणार नाही?

माझ्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर ती खोली वर्षानुवर्षं जगत होती. आणि मला आठवलं, गोणपाट माझा पडदा लागल्यावर दोन दिवसांनी आलं होतं.

तसाच घरी गेलो आणि खिळे उपटले. कारंजं, मोर, आकाश खाली कोसळलं. खिडकी उघडली. थोड्या वेळानं शेजारचं गोणपाट हलायला लागलं. मृणालिनीला कार्ड टाकलं, ‘पडदा काढला. वारा येतो. तू ये.’

पंधरा दिवसांनी ती दोघं तुरुंगातून सुटून आली. कुशाबानं माझ्या दारात उभं राहून भिंतीवर नजर टाकली.

"मास्तर, कारंजं आटलं वाटतं?"

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"वहिनींसाठी एवढ्या हौसेनं लावलं होतंत. काढा कसं म्हणू?"

दिवाळीनंतर मृणालिनी आली, मुलीला घेऊन. खिडकीपुढं उभी राहिली, पदरानं मान पुसली आणि ट्रंक उघडून कपडे फळीवर लावायला घेतले. मी सुटलो.

पडद्याचा मोराचा तुकडा कमलाबाईनं सोड्यात उकळून मऊ केला आणि त्याची झोळी शिवली. बांधली कुठं? त्यांच्या आढ्याला. दुपारी तीन वाजता मी गॅलरीत उभा राहून बघायचो. मुलगी माझी, मोर माझा, वारा माझ्या खिडकीतला. आणि झोका देत होता कुशाबा.

मग मीही चपला काढायचो. अकरा जोडांशेजारी बारावा.