कागदावर माझ्या दोन पोरी

बायांनो, रात्रभर डोळा लागला न्हाय. काल आशाताई सांगून गेल्या, उद्या पुण्याच्या मॅडम लेकरांचं कागद बघायला येनार. माझी परी दोन वर्साची झाली, अजून बोलत न्हाय. वाटलं, माझंच काय तरी चुकलं म्हनून येत्यात.

सकाळी मॅडम आल्या. म्हनल्या, "घाबरू नका. जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलेली मुलं पुढे कशी वाढतात, ते शोधतोय. दवाखान्याची, लसीची, अंगणवाडीची नोंद एकत्र जोडायची. नाव कुठे येणार नाही."

परी पन आठ दिवस पेटीत व्हती. पन तिची नोंदच जुळंना. बाळंतपन माहेरी सुप्याकडं झालं, तवा माझ्या आधारवर माहेरचंच नाव व्हतं. लस आन वजन हितं भवानीनगरला, सासरच्या नावानं. तितली पोर जन्मून कुठं गेली कळंना, आन हितलीचा जन्मच न्हाय.

आशाताई हसल्या, "आगं, जुळ्याची आई झालीस की!"

मला हसू आलं न्हाय. मी मॅडमना इचारलं, "पेटीतली बाकीची लेकरं कवा बोलली वो?"

"तेच तर बघायचंय, ताई."

तवापासनं तेच डोक्यात हाय. तुमचं कुनाचं लेकरू पेटीत व्हतं का? कवा बोललं?

मॅडम उद्या परत येनार, नोंद जुळवाया बाळंतपनाच्या दवाखान्याचं कार्ड मागितलंय. ते माहेरी आईच्या ट्रंकेत हाय. माझं रिचार्ज संपलंय, शेजारच्या वायफायवर लिवतीया, आन भावाकडं बटनाचा फोन. सुप्याकडचं वळखीचं कुनी वाचत आसंल तर माझ्या भावाला, दत्ताला, फोन करा. म्हनावं, कार्ड घिऊन ये, तुझी भाची एकच हाय.