हासळीमागची सावली

परवा आमच्या हॉस्पिटलची डार्करूम मोकळी केली. नव्वदच्या आसपास नाशिकला नोकरीला लागलो, तेव्हापासून एक्स-रेच्या फिल्म मी त्याच खोलीत धुतल्या. आता डिजिटल मशीन आलंय... तिथे सलाईनची खोकी ठेवणार आहेत.

टाक्या उचलल्या, लाल दिवा काढला. दारामागच्या खिळ्याला माझी जपाची माळ तशीच लटकत होती.

त्या माळेचं असं... फिल्म डेव्हलपरमध्ये किती वेळ बुडवून ठेवायची, ते मोजायला लाल दिव्याच्या अंधारात घड्याळ नीट दिसायचं नाही. मी मनात एक माळ जप करायचो, की फिल्म बरोबर तयार. उन्हाळ्यात पाणी गरम, तेव्हा पाऊण माळ. मामांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. "देवलेच टायमर करी टाकं का रे!"

मामा म्हणजे आमचे सीनियर टेक्निशियन. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. सटाण्याकडचे, रंगात आले की अहिराणीवर यायचे. ओली फिल्म व्ह्यू बॉक्सच्या उजेडावर लावायची आणि मला विचारायचं, "तुले काय दिखस?" तुला काय दिसतं...

मी सांगायचो, चुकायचो. आधी कडा बघ, हाडांच्या मागे बघ, मधलं तर कोणीही बघतं, असं ते म्हणायचे. आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बजावली होती. आपल्याला दिसलं तरी पेशंटला सांगायचं नसतं, रिपोर्ट डॉक्टरांचा.

पुढे मला शिकायचं वेडच लागलं. हरसूलच्या शाळेत एबीसीडी पाचवीत भेटली होती, त्यामुळे रेडिओलॉजीच्या पुस्तकाचं एक पान म्हणजे डिक्शनरी घेऊन अख्खी संध्याकाळ. रजा साठवून मुंबईला कोर्स केले, परीक्षा दिल्या. मुलगी चालायला लागली, हे मला बायकोच्या पत्रातून कळलं.

पण नजर तयार झाली. पूर्वी नुसतं धुकं वाटायचं, तिथे एकेक रेघ वेगळी दिसायला लागली. तो आनंद खोटा नव्हता... देवाने आपल्या डोळ्यांना काहीतरी दिलंय असं वाटायचं.

एकदा हौसेने एका डॉक्टरांना फिल्ममधलं काही दाखवायला गेलो. "तुम्ही फोटो काढा हो, वाचायचं आमच्याकडे राहू द्या," ते चारचौघांत म्हणाले. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

मामा रिटायर झाले. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी छातीचा फोटो लागतो म्हणून आले. तूच काढ म्हणाले. मी काढला, माळ ओढली, फिल्म धुऊन व्ह्यू बॉक्सवर लावली.

उजव्या हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडामागे वाटाण्याएवढी सावली होती. हाडाच्या रेघेत मिसळून गेलेली. जरा तिरका आणखी एक फोटो घेतला असता तर उघडी पडली असती... मुंबईला मी नेमकं हेच शिकून आलो होतो.

मामांना सगळं धुरकट. फिल्मला नाक लावून त्यांनी विचारलं, "तुले काय दिखस?"

"फोटो झकास आलाय, मामा."

"मग! म्हातारा झालो तरी पोझ चांगली देतो मी," असं म्हणून ते खुशीत गेले.

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर एवढे शिकलेले, आपल्यालाच भास झाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. सकाळी पूजेला बसलो की ती सावली डोळ्यांपुढे यायची... तरी गप्प राहिलो.

दीड वर्षाने मामा परत आले. खोकला थांबत नव्हता, शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. नवी फिल्म पाण्यातून वर काढतानाच मला कळलं. वाटाण्याचं लिंबू झालं होतं.

मामांनी जुन्या फिल्मचं पाकीटही आणलं होतं. ऑपरेशननंतर त्यांना लख्ख दिसत होतं. दोन्ही फिल्म त्यांनी स्वतःच शेजारी शेजारी लावल्या. आधी कडा, मग हाडांच्या मागे... मला शिकवलं होतं अगदी तसं. जुन्या फिल्मवर त्यांचं बोट हासळीपाशी येऊन थांबलं.

"तवय दिखनं व्हतं का तुले?" तेव्हा दिसलं होतं का तुला...

मी हो म्हणालो. या वेळी त्यांच्यासमोर खोटं तोंडातून निघेना.

त्यांनी दोन्ही फिल्म उतरवून घेतल्या. मग फिल्म पाकिटात घालता घालता म्हणाले, "म्हणजे मी बरोबर शिकवलं तुला."

बघायला, की गप्प बसायला... विचारायची हिंमत झाली नाही. चार महिन्यांनी मामा गेले. त्यांनी मला दोन्ही शिकवलं होतं, आणि मी दोन्हींत पास झालो.

पन्नाशी आली तरी शिकतोय, म्हणून लोक कौतुक करतात. भिंतीवर सर्टिफिकेटं आहेत, बायको ती दर दिवाळीला पुसते. मला त्यांच्याकडे बघवत नाही. सोमवारपासून नव्या मशीनचं ट्रेनिंग आहे, तेही करीन... शिकण्यावाचून मला दुसरं काही येतच नाही.

माळ घरी आणून देवापाशी ठेवली आहे. नव्या मशीनवर बटण दाबलं की फोटो लगेच समोर, एक मणीही ओढून होत नाही. त्या अंधाऱ्या खोलीत, काय आहे ते कळायच्या आधी, प्रत्येक माणसासाठी देवाचं नाव घ्यायला चार मिनिटं तरी मिळायची... तेवढ्या चार मिनिटांचा मी ऋणी आहे.