बारापट दुर्बीण

यूनुस पारकर श्रीवर्धनचा. वडील, चुलते सगळे दर्यावर गेलेले, त्यामुळे पाण्याचं भय त्याला कधी वाटलं नाही. भय वाटायचं ते वाळूचं. शारजाच्या रोल्ला भागात बायको उझमा आणि लेक माहनूर यांच्याबरोबर तो राहायचा, आणि नोकरी करायचा अबू सैफ नावाच्या शौकीन माणसाकडे. अबू सैफकडे शिकारी ससाणे होते. परवान्याच्या राखीव रानात पक्षी सोडायचा, की तो कुठे झेपावला, कुठे उतरला हे दुर्बिणीतून धरून ठेवायचं, हे यूनुसचं काम. नजर चुकली की चहूकडे सारखीच वाळू.

आपल्याला जितकं लांबचं दिसेल तितकं भय कमी होईल, असं त्याला वाटे. म्हणून रोल्लाच्या दुकानात त्याने सरळ बारापट दुर्बीण मागितली. दुकानदार नीरव गुजराती, पण मराठी फाडफाड बोलायचा.

"यूनुसभाई, डोंगरात दगडावर कोपर टेकून बघायचं असेल तर दहा-बारा ठीक आहे. उघड्या वाळूत आठपट घ्या. पट वाढली की चित्र हलतं, दिसणारा तुकडा लहान होतो, आणि उन्हाच्या झळाही तेवढ्याच मोठ्या दिसतात."

"लांबचं दिसतं ना? मग तीच द्या."

रास अल खैमाच्या डोंगरात त्या दुर्बिणीने नाव काढलं. समोरच्या कड्यावर बसलेल्या ससाण्याच्या पायातली कातडी वादीसुद्धा यूनुसला दिसली. अबू सैफने पाठ थोपटली. यूनुसची जुनी आठपट दुर्बीण गाडीच्या खणात जाऊन पडली.

ऑक्टोबरात उघड्या वाळूत ससाण्यांचा सराव सुरू झाला. उझमाचा भाऊ नूरुद्दीनही यूनुसच्याच शब्दावर तिथे कामाला लागला होता. त्या दिवशी सकाळी एक नवी मादी हवेत चढली आणि परत आलीच नाही. तिच्या अंगावरच्या ट्रान्समीटरचा आवाज पूर्वेकडून येत होता. नूरुद्दीन दुसरी गाडी घेऊन तिच्या मागे गेला. यल्ला, चला, म्हणून हात हलवून गेला, तो गेलाच.

ऊन वर आलं. त्याचा फोन लागेना. चाकांच्या खुणा धरत यूनुस आणि अबू सैफ गेले, तर गाडी वाळूत रुतलेली, दार उघडं, पाण्याची बाटली रिकामी. पावलं दिसत होती, पण पुढच्या टेकाडापलीकडे वाऱ्याने पुसलेली.

"पोलीस निकल गए हैं," फोन ठेवत अबू सैफ म्हणाला. "मैं यहीं रुकता हूँ, वापस आया तो. तू वो ऊँचे टीले से देख."

यूनुसने गाडी टेकाडावर घातली आणि बारापट डोळ्याला लावली. समोर पाणी हेलकावत होतं. पाणी कुठलं, झळाच त्या. त्यात प्रत्येक झुडूप माणसासारखं उठून उभं राहायचं आणि विरघळायचं. हात थरथरत होता, त्याबरोबर सगळं रान थरथरत होतं. एक पांढरं काही दिसलं. तो गाडी हाकत गेला. काट्यात अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी. तो परत टेकाडावर आला.

तेवढ्यात उझमाचा फोन आला.

"नूरूचा फोन लागत नाही. तुमच्याबरोबरच आहे ना?"

"आहे," यूनुस म्हणाला. "पक्ष्याच्या मागे आहे."

फोन खाली ठेवताना त्याला नीरवचं बोलणं आठवलं. खण उघडून त्याने जुनी आठपट काढली. आता सगळं बारीक दिसत होतं, पण टेकाडांची अख्खी रांग एका नजरेत मावत होती. त्याने गाडीच्या टपावर कोपरं टेकली, श्वास रोखला आणि हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे नजर नेली. झळा सगळीकडे सारख्याच नाचत होत्या. एका उताराखाली मात्र एक निळा ठिपका त्या नाचाशी न जुळता सरकला. थांबला. मग पुन्हा सरकला.

तो माणूसच आहे अशी खात्री नव्हती. गाडी खाली उतरताच ठिपका नजरेआड झाला, आणि आपण तिसरीकडेच चाललो आहोत या धास्तीने यूनुसने मोठ्याने कलमा म्हणायला सुरुवात केली.

तो ठिपका नूरुद्दीनच होता, हातापायांवर रांगत. अंग भट्टीसारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. त्याने यूनुसला ओळखलं नाही. "होडी लावली का?" असं काहीतरी विचारत राहिला. यूनुसने त्याला ओढत गाडीत घातलं, अंगावर सगळं पाणी ओतलं, एसी पुरा सोडला आणि अबू सैफला फोन केला. वाटेत पोलिसांचं हेलिकॉप्टर भेटलं.

तो वाचला, पण बरेच दिवस इस्पितळात राहिला. ससाणी सापडली नाही. उझमाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही 'आहे' म्हणालात, तेव्हाच मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमचा हात आणखी थरथरला असता."

यूनुसने ती नोकरी सोडली. आता तो दुबईत ऊद मेथाच्या एका शाळेची बस चालवतो. नूरुद्दीन बरा होऊन गोदामात कामाला लागला. ईदला घरी आला की तो दिवस हसत-हसत सांगतो, आपण कसे रांगलो ते करून दाखवतो. माहनूर "मामू, स्टॉप इट" म्हणत हसते. यूनुस मात्र उठून गॅलरीत जातो आणि ते संपेपर्यंत आत येत नाही.