एक कीबोर्ड, दोन अर्ज

परतवाड्यात माहं ऑनलाइन फॉर्म भराचं दुकान आहे. कॉम्प्युटर दोन, मॉनिटर दोन, पण कीबोर्ड-माउस एकच. मधलं बटण दाबलं का तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालते.

आज ते बटण दाबाचं राहिलं. मी उजव्या स्क्रीनकडं पाहून एंटर मारत राहिलो, अन् डावीकडं अंजनगावच्या एका ताईचा भरतीचा अर्ज सबमिट झाला. त्यातलं चुकलेलं जन्मवर्ष दुरुस्त कराचं होतं. आज शेवटची तारीख.

"दादा, मांगं नाही घेता येत काय?"

"नाही येत, ताई."

"पुढच्या साली माहं वय निघून जाते."

भांडली नाही. कागद पिशवीत टाकून गेली.

अशा वेळी समोरच्याले काय सांगावं, कोणाले ठाऊक आहे काय? डावा मॉनिटर अजून सांगून राहिला, 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे.'