किडे टिपणारा शिपाई गावडे

माझी शेवटची पोस्टिंग खडकीला होती. हवालदार होतो, प्लाटूनची हजेरी माझ्याकडे. पीटीला रांगेत उभं राहायचं, फॉल-इन, पावणेसहाला. त्याआधी साडेपाचला सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानाने माझ्यासमोर येऊन सांगायचं. मी वहीत नाव लिहिलं तरच तो डॉक्टरकडे जायचा. माझी वही बहुतेक कोरी असे, आणि त्याचा मला अभिमान होता.

शिपाई संपत गावडे माझ्या डोक्यात जायचा. मुळशीकडच्या खेड्यातला, वय चोवीस. संध्याकाळी बाकीचे व्हॉलीबॉल खेळायचे, हा मैदानाच्या कडेच्या गवतात पालथा पडून किड्यांचे फोटो काढायचा. मोबाइलला एक छोटं भिंग चिकटवलेलं. चतुर, खंडोबाचा घोडा, कोळी, गोचीडसुद्धा. मग पुस्तकात शोधून नाव लिहून ठेवायचा. मी त्याला सगळ्यांसमोर 'शास्त्रज्ञसाहेब' म्हणायचो. पोरं हसायची. तोही हसायचा, त्याचा मला जास्त राग यायचा.

भाद्रपदात पळण्याची चाचणी जाहीर झाली. चाचणी आली की निम्म्या कंपनीचे गुडघे दुखू लागतात, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. सोमवारी गावडे समोर उभा राहिला. चार दिवस ताप आहे, डोकं ठणकतंय म्हणाला. बनियन वर करून कमरेवरचा डाग दाखवला. वाटाण्याएवढा, काळा, कडेने लाल.

असे डाग मी आधी पाहिले होते. काही महाभाग ड्युटी चुकवायला स्वतःला सिगारेटचा चटका देतात.

"कुठली सिगारेट ओढतोस?" मी विचारलं.

"भाजलेलं न्हाय, साहेब. गवतातलं बारकं कायतरी चावलंय. फोटो हाय, मोठा करून बघा."

"मोबाइल जमा कर. फॉल-इन हो."

तो पुन्हा विचारायला आला नाही. रोज पळाला. शनिवारी सहा वीसला तिसऱ्या फेरीत कोसळला. मी वॉकी-टॉकी उचलला.

"एक जवान बेशुद्ध. गाडी पाठवा."

"कारण?"

"ताप."

डॉक्टर कॅप्टन मॅडमनी डाग पाहिला आणि हा किती दिवसांचा आहे, असं मलाच विचारलं. मी सांगितलं. स्क्रब टायफस, त्या म्हणाल्या. मृगाच्या किड्याच्या भाऊबंदांतला एक जीव, त्याचं डोळ्यांना जेमतेम दिसणारं पिल्लू गवतात चावतं, त्यातून हा ताप येतो. सोमवारी आणला असता तर बहुधा साध्या गोळ्यांवर भागलं असतं. मंगळवारी दुपारी गावडे गेला.

सामान न्यायला त्याचे वडील आले. ट्रंक, बूट, मोबाइल, सगळं मी सही घेऊन ताब्यात दिलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आजारी हाय, असं कुणाला बोलला न्हवता का वो पोरगा?"

"नाही," मी म्हणालो.

निवृत्तीनंतर वारज्याला राहतो. सकाळी टेकडीवर किड्यांचे फोटो काढतो, नावं शोधतो. म्हाताऱ्याला काय खूळ लागलंय, असं सोसायटीत बोलतात. बोलू देत. त्यांच्याशी माझं फारसं पटत नाही, आणि स्वतःशी तर अजिबातच नाही.

लढाईत पडलेल्यांची नावं दगडावर कोरतात. गावडेचं नाव कुठेच नाही. म्हणून हे लिहिलं. छापून आलं की एक प्रत मुळशीला त्याच्या वडिलांच्या हातात स्वतः देणार आहे. ते दारात उभं करतील की नाही, ठाऊक नाही. पण त्यांना कळायला हवं, त्यांचा संपत बोलला होता. पुरावाही घेऊन आला होता. मी पाहिला नाही.