यात आपलं माणूस कोण?

गयाकाकूंना कुस्ती दाखवा, निवडणुकीचे निकाल दाखवा, नाहीतर कुणाच्याही लग्नाची कॅसेट लावा, बसता बसता त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "यात आपलं माणूस कोण?" एकदा माणूस ठरलं की मांडी घालून निवांत. बजाजनगरात त्या आमच्या समोरच्या खोलीत राहायच्या. काका वाळूजच्या कंपनीत कामाला. काकूंचं माहेर सोयगावकडचं, मेंढरं राखणारं.

त्यांची मंदा आणि मी एका वर्गात. शाळा सुटली की आमच्या टीव्हीवर आम्ही एक जपानी कार्टून बघायचो, हिंदीत बोलणारं. संकट आलं की त्यातल्या साध्या शाळकरी मुली गरगर फिरायच्या, कपडे बदलायचे, हातात जादूची कांडी यायची आणि राक्षसांची धुलाई सुरू. त्यातल्या गुलाबी केसांच्या पोरीवर आमचा दोघींचा जीव. ती सारखी घाबरायची, रडायची आणि शेवटी जिंकायची.

एकदा काकू मंदाला शोधत आल्या, तेव्हा नेमकी ती गुलाबी पोरगी गरगर फिरत होती. काकूंनी चपला दारातच काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. "कोणती देवी आलीय गं हिच्या अंगात?"

आम्ही हसून लोळलो. ही जादू आहे, देवी नाही, असं मंदानं परोपरीनं समजावलं. काकूंना ते कधीच पटलं नाही. राक्षस मेला, पोरगी पुन्हा साधी झाली, तशा त्या खवळल्याच. "एवढं वारं येऊन गेलं, अन् पोरीला कुणी घोटभर पाणी देईना! कसली माणसं म्हणावी ही?" त्यांच्या गावाकडे अंगात आलेली बाई भानावर आली की आधी तिच्या हातात पाण्याचा तांब्या देतात, बाकीचं बोलणं मागाहून. तेव्हापासून प्रत्येक भागाच्या शेवटी काकूंचं "पाणी द्या गं हिला" ऐकल्याशिवाय आम्हाला भाग संपल्यासारखा वाटेना.

पण त्यांचं माणूस ती नव्हती. ते होतं त्या मुलींबरोबर उडणारं, बोलणारं कोकरू. "समद्यांना अक्कल शिकवतंय बिचारं, पण ह्याला चारा कोण घालतंय ते काय दाखवीत नाय." आणि सगळा राग त्या पोरीच्या आईवर. पोरगी संध्याकाळी मागच्या दारानं सटकायची आणि आई दाराची कडी लावायला विसरायची. "दिवेलागणीला पोर घरात हाय का नाय, ठाव नाय! कसली माय ही!"

मंदाची बारावी झाली, त्या उन्हाळ्यात तेच कार्टून पुन्हा लागलं. मंदाला नर्सिंगसाठी नाशिकला जायचं होतं. "तुझी आई म्हणेल तसं," म्हणून काका मोकळे झाले होते आणि काकू काही ऐकून घेत नव्हत्या. "परक्या गावात पोर एकली? नाय म्हंजे नाय." मायलेकी एकमेकींशी बोलेनात, मंदा धड जेवेना. जरा बरं वाटेल म्हणून मी दोघींना टीव्हीपुढे आणून बसवलं. एव्हाना ती गुलाबी पोरगी आम्हाला रडूबाई वाटायला लागली होती. मला आता आवडायची निळ्या केसांची, कुणाशी न बोलणारी.

काकूंचं लक्ष मात्र कार्टूनमधल्या स्वयंपाकघरात. पोरगी मागच्या दारानं गेली. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. दार वाजलं तसा तिचा हात थांबला, पण ती वळली नाही. मग बाप आला आणि कडी लावून गेला. तो गेल्यावर आईनं ती हळूच काढून ठेवली. पापणी लवते न लवते तोच संपणारा तुकडा. लहानपणी आम्ही तेव्हा कांडीची वाट बघत असायचो.

"विसरत नाय ती," काकू म्हणाल्या. "तिला समदं ठाव हाय. पोरीला माघारी येता यावं म्हणून कडी काढती."

त्या दिवशी कुणाला पाणी द्यायचं त्यांना सुचलं नाही. उठताना मंदाकडे न बघताच म्हणाल्या, "आपलं माणूस बदललं बरं का. कोकरू ऱ्हाऊ द्या आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढून पुसायला घेतली. मंदा त्या ट्रंकेसकट नाशिकला गेली. मला काकूंचं इतकं कौतुक वाटलं की सांगता येत नाही. पुढे काकूंचं दार बारा महिने नुसतं लोटलेलं असायचं. काका ओरडायचे आणि गल्लीतली मांजर निर्धास्त आत शिरून दूध पिऊन जायची.

मंदा नर्स होऊन इथल्याच एका दवाखान्यात लागली आणि काकूंचं शेवटचं आजारपण तिथंच निघालं. मी भेटायला गेले, तेव्हा मोबाइलवर तेच कार्टून लावून त्यांच्यापुढे धरलं. विचारलं, "काकू, आता आपलं माणूस कोण?" मला वाटलं, "ती आई" म्हणतील.

"ती गुलाबी."

"ती रडूबाई?"

"रडती, भेती, अन् तरी बी जाती," काकू म्हणाल्या. त्यांना धाप लागत होती. "कोकरू नुसतं बोलतं. माय नुसती कडी काढती. जायाचं तर तिलाच हाय ना."

तेवढ्यात दुसऱ्या वॉर्डातलं काम उरकून मंदा आली. पांढरा गणवेश, घामेजलेला चेहरा, विस्कटलेले केस. आल्या आल्या तिनं नाडी बघायला आईचा हात धरला. काकूंनी तो सोडवून घेतला.

"वैशे, आधी हिला पाणी दे."

मी ग्लास भरून दिला. मंदा उभ्या उभ्याच प्यायली आणि तो रिकामा होईपर्यंत काकू मान उचलून तिच्याकडे बघत राहिल्या.