व्याह्यांच्या बॉनेटवर कूलरच्या फटी

हासायचं असंल तर आत्ताच हासून घ्या, मंग मले मधात टोकू नका. माह्या हातून जे झालं, ते चहा थंड व्हायच्या आत सांगून मोकळा होतो.

बेसा गावात माह्यं कूलरचं दुकान आहे. पंचवीस वर्षं झाली, पत्रा कापून राहिलो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या पिंकीले स्थळ आलं. कळमन्यातले संत्र्याचे व्यापारी. पोरगा चांगला, घर चांगलं, अन् व्याही तर देवमाणूस! फक्त त्यांचा जीव एका जागी अडकलेला. वडिलांच्या वेळची जुनी मोटार.

उन्हात त्या मोटारीचं इंजिन लय तापे. व्याही सहज बोलले, "बॉनेटले त्या माशाच्या कल्ल्यासारख्या तिरप्या फटी असतात ना, लूव्हर म्हणतात, त्या पाडून घ्याव्या म्हणतो."

आता तुम्हीच सांगा, पोरीच्या बापानं गप्प बसावं का?

"लूव्हर? अहो, आमच्या कूलरच्या पत्र्याले दुसरं काय असते? मीच पाडून देतो!"

"पण पाणी आत जाईन ना हो?"

"पाण्याचाच तर धंदा आहे माह्या!"

बायकोनं मले आत बोलावलं. "तुमाले काहून नसती उठाठेव? आधी साक्षगंधाची तारीख तर निघू द्या."

"तू चूप वं. तुले पत्र्यातलं काय समजते?"

बॉनेट उतरवलं. कूलरचाच साचा, कूलरचीच हातोडी. चार दिवसांत अठरा फटी पाडल्या, काळा रंग मारला. दिसाले असं झकास, की मलेच माह्या हाताचा मुका घ्यावा वाटला.

रविवारी व्याही अन् होणारे जावई गाडी न्यायले आले. तिथूनच सारे मिळून सीताबर्डीले जायचं होतं, त्यांच्या मोठ्या भावाकडं. भाऊ वेळेचे कडक. चार म्हणजे चार. त्यांनी मान हलवल्याशिवाय तारीख निघणार नव्हती.

निघायचं सोडून म्या काय करावं? नळाचा पाइप घेतला.

"व्याही, तुमच्या मनात शंका नको. डोळ्यानं पाहून घ्या."

बॉनेटवर पाणी सोडलं. एक मिनिट, दोन मिनिटं. मंग खाली उकिडवा बसलो अन् गाडीखालची फरशी दाखवली.

"पाहा! एक थेंब तरी बाहेर आला का?"

खरंच नव्हता आला. व्याही खुश. म्या अजून दोन मिनिटं सोडलं.

जावयानं हळूच विचारलं, "मामाजी, मंग एवढं पाणी गेलं कुठं?"

अरे बाप रे!

कूलरच्या फटीचं तोंड वर असते. काहून? तर आतलं पाणी बाहेर सांडू नये, वळून परत टाकीतच पडावं म्हणून. आमच्या धंद्यात बाहेर थेंब नाही आला, की काम पास. पंचवीस वर्षं हेच पाहत आलो. मोटारीच्या बॉनेटखाली अशी टाकी नसते, हे त्या दिवशी ध्यानातच नाही आलं.

व्याह्यांनी बॉनेट उघडलं. प्लग पाण्यात, एअर फिल्टर पाण्यात. इंजिनाखालच्या पत्र्यावर सारं थांबून होतं. चावी फिरवली तर गाडी फक्त टक् म्हणे. देवमाणूस रुमालानं इंजिन पुसत राहिला. मले वाटलं, गेलं पोरीचं स्थळ!

दोन ऑटो करून सीताबर्डीले पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. माह्या पँटचे पाय अजून ओलेच. भाऊंनी घड्याळ पाहिलं, माह्या पायाकडं पाहिलं, अन् व्याह्यांले विचारलं, "पोरगी पसंत आहे. मंग तुह्यी काही अट?"

व्याह्यांनी इंजिन पुसून काळा झालेला रुमाल खिशात टाकला. पिंकीची आई माह्याकडं अशी पाहून राहिली होती, की मले ऑटोतच बसून राहावं वाटलं.

"एकच अट," व्याही बोलले. "आंदणात कूलर देतील, तर यांच्या हातचा नको."

म्या लगेच हो म्हटलं. तारीख निघाली, लग्न झालं.

पण कूलर तर द्या लागतेच ना! बेसाच्या चौकात माह्या धंद्यातल्या दुश्मनाचं दुकान आहे. पंचवीस वर्षांत त्याच्याकडं मान वळवून पाहिलं नव्हतं. गेलो. त्यानं मले वरून खालपर्यंत पाहिलं.

"काहून गा भाऊ, तुह्या दुकानातले संपले का?"

म्या खाली पाहत म्हटलं, "मोठ्यातला दे, अन् पोरीच्या सासरचे आले तर मी इथं कामाले आहे म्हणून नको सांगू, नाहीतर हाही परत येईन."